समुद्रफेन : फेस नव्हे, माकुलाचं कवच

हातातलं काम चालू ठेवा, शेंगा फोडत असाल तर फोडा, पण कान इकडे द्या. आजचा विषय कानाचाच आहे आणि थोडा समुद्राचाही आहे. तुम्ही म्हणाल, आपला नगर जिल्हा कुठं आणि समुद्र कुठं! मुळा धरण भरलेलं पाहिलं की आपल्याला समुद्र पाहिल्यासारखं वाटतं. तरीपण आपल्यातल्या कितीतरी घरांत समुद्राचा एक तुकडा डबीत पडून असतो. पांढरा, वजनाला कापसासारखा, लांबट होडीच्या आकाराचा. एका बाजूनं कडक, दुसऱ्या बाजूनं नखानं खरवडलं की पीठ सुटतं. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेन किंवा समुद्रफेस म्हणून मागितला की पुडीत बांधून देतात. लहान मुलाचा कान वाहायला लागला की तो उगाळायचा नाहीतर कुटायचा आणि ती पूड कानात फुंकायची, हे आपल्या आज्या-पणज्यांपासून चालत आलेलं आहे.

आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी तिसरीत आहे. शाळेतून सारखी तक्रार यायची की मुलगी ऐकत नाही, बोलावलं तरी लक्ष देत नाही, शुद्धलेखनात भलतंच लिहिते. घरी तिला बोलणी बसायची. एकदा शाळेत तपासणीचं पथक आलं. त्यातल्या डॉक्टरांनी बॅटरी लावून तिच्या उजव्या कानात पाहिलं आणि पुढं पाठवलं. तिथं कानातून पांढरा, खडूसारखा घट्ट झालेला गोळा निघाला. त्याच्या मागं पू होता आणि पडद्याला भोक होतं. दोन वर्षांपूर्वी कान वाहायला लागला होता, तेव्हा आजीनं आठ-दहा दिवस समुद्रफेनाची पूड घातली होती. वाहणं थांबलं, म्हणून सगळ्यांना वाटलं, कान बरा झाला.

आजी आमच्या बैठकीला आल्या होत्या. रडत होत्या. त्यांनी ते मायेनंच केलं होतं, त्यात कुणाचंच दुमत नव्हतं. डोळे पुसून त्यांनी आम्हाला विचारलं, “मग बाई, हे आहे तरी काय? समुद्राचा फेस कानाला का बाधावा?” आम्हाला उत्तर देता आलं नाही. आम्ही बी.ए. केलेलं, गटांना हिशेब शिकवणारं, पण आमच्याही घरात ती डबी होती आणि समुद्राचा फेस वाळून तसा होतो असंच आम्हीही समजत होतो.

उत्तराची सुरुवात मिळाली ती कोकणात. गटाच्या सहलीला आम्ही दापोलीजवळच्या हर्णे बंदरावर गेलो होतो. तिथं संध्याकाळी वाळूवरच मासळीचा लिलाव भरतो. होड्या बाहेर उभ्या, मासळी किनाऱ्यावर येते, ढीग लागतात आणि बोली सुरू होते. आम्ही शेतकरी बायका, मार्केट यार्डातला कांद्याचा लिलाव आपल्याला ठाऊक, तेव्हा ते बघायला मजा आली. एका ढिगात गुळगुळीत, करड्या-पांढऱ्या अंगाचे, तोंडाशी भुजा लोंबणारे प्राणी होते. त्यावर काळी शाई सांडल्यासारखे डाग. तिथल्या ताई म्हणाल्या, हे माकूल. त्यांनी कोयत्यावर एक माकूल उभं चिरलं, दोन बोटं आत घातली आणि पाठीकडून एक पांढरा तुकडा ओढून काढला. धुऊन आमच्या हातावर ठेवला. तो आपला समुद्रफेन होता!

आमच्यातल्या तिघी माळकरी आहेत. त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. त्यातल्या एकीची डबी देवघराच्या फळीवर असायची. घरी पोचल्यावर तिनं पहिली ती उचलली असणार.

माकूल हा मासा नाही. शिंपल्या आणि गोगलगाय यांच्या गोतातला प्राणी आहे. गोगलगायीचं कवच बाहेर असतं, माकुलानं ते अंगात, पाठीच्या कातडीखाली घेतलेलं असतं. आठ आखूड भुजा आणि दोन लांब. त्या लांब दोन एरवी आत ओढून ठेवतं आणि कोलंबी, खेकडा, लहान मासा समोर आला की झटक्यात बाहेर फेकून पकडतं. हृदयं तीन. रक्तात आपल्यासारखं लोह नसतं, तांबं असतं, म्हणून ते निळसर. अंगाचा रंग डोळ्यांदेखत बदलतं, वाळूवर वाळूसारखं आणि दगडावर दगडासारखं. शत्रू जवळ आला की काळी शाई सोडून पसार होतं. या शाईनं पूर्वी युरोपात चित्रं काढत. जुन्या फोटोंचा जो तपकिरी रंग असतो ना, त्याला सेपिया म्हणतात, ते माकुलाचंच ग्रीक नाव आहे. आयुष्य मात्र जेमतेम एक-दोन वर्षांचं. अंडी घातली की मादी फार दिवस जगत नाही.

बाजारात माकूल म्हणून दोन प्रकार येतात, त्यांची गल्लत होते. एक नळीसारखं निमुळतं, हॉटेलवाले त्याला स्क्विड म्हणतात. त्याच्या पाठीत फक्त प्लॅस्टिकच्या पट्टीसारखी पातळ, पारदर्शक काडी असते. दुसरं रुंद, पसरट अंगाचं, ते कटलफिश. समुद्रफेन निघतो तो या दुसऱ्यातून. गोव्याकडे माणकी हे नाव ऐकायला मिळतं.

आता फेस हे नाव कसं पडलं ते बघा. माकुलाला पाण्यात वर-खाली व्हायचं असतं. त्यासाठी त्याच्या पाठीतल्या या कवचात पापुद्र्यावर पापुद्रे असतात आणि मधे बारीक बारीक पोकळ कप्पे. काही कप्प्यांत पाणी, काहींत हवा. पाणी बाहेर टाकलं की अंग हलकं होतं, पाणी आत घेतलं की जड. आपल्या विहिरीत मोकळी घागर तरंगते आणि भरली की बुडते, तसंच. माकूल मेलं की मांस कुजून जातं, पण हे पोकळ कवच तरंगत राहतं आणि लाटांबरोबर किनाऱ्याला लागतं. वाळूवर, फेसाच्या रेषेत, पांढरं, हलकं काहीतरी पडलेलं दिसलं की कुणालाही वाटेल, फेसच वाळला. ज्यांनी नाव दिलं त्यांची काही चूक नाही.

आणि ते कवच बनलेलं कशाचं असतं? बहुतेक सगळं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीचंच द्रव्य. हे घरी तपासता येतं. समुद्रफेनाच्या तुकड्यावर लिंबाचे चार थेंब टाका. लगेच बारीक फसफस होते. आता अंड्याच्या टरफलावर टाका, तीच फसफस. शिंपल्यावर टाका, तीच. पाट्या-वरवंट्याच्या काळ्या दगडावर टाका, काही होत नाही. आम्ही हे बैठकीत करून दाखवलं तेव्हा मघाचच्या आजी म्हणाल्या, “म्हणजे दोन वर्षं मी पोरीच्या कानात अंड्याचं टरफल भरलं म्हणा की!” आम्ही गप्प बसलो, कारण बोलणं खरं होतं.

हर्णेवरून येताना आम्ही त्या कोळी ताईंना विचारलं होतं, एवढं माकूल जातं कुठं? थोडं गावात, थोडं मुंबईला आणि बरंच बर्फात घालून कारखान्यात, तिथून परदेशात. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला, मुंबईत ससून डॉकला आणि भाऊच्या धक्क्यालाही माकूल उतरतं. तिथं ते सोलणं, साफ करणं हे काम बहुतेक बायकांचंच. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सेनेगल नावाचा देश आहे, त्याची गोष्टही अशीच. लाकडी होड्यांतून माकूल येतं, चांगला माल गोठवून युरोपला जातो आणि किनाऱ्यावर मासळी सुकवणं, धुरी देणं, विकणं हे बायका करतात. त्यांचेही आपल्यासारखे गट असतात. त्यांच्या बैठकांतही हप्त्यावरून आपल्यासारखेच वाद होत असतील, असं आम्हाला वाटतं.

आता कानाकडे येऊ, कारण आजच्या बोलण्याचं कारण तेच आहे.

कानाच्या आत, नळीच्या टोकाला पातळ पडदा असतो. सर्दी-खोकल्यात घशाकडून जंतू पडद्याच्या मागं जातात, तिथं पू होतो, मूल रात्रभर रडतं आणि पडदा फुटून पू बाहेर येतो. याला आपण कान फुटला म्हणतो. पू बाहेर आला की ठणका कमी होतो. पुष्कळ मुलांत काही दिवसांत वाहणं आपोआप थांबतं. नेमकी याच दिवसांत आपण पूड घालतो आणि श्रेय पुडीला देतो. पण ज्या मुलाचं वाहणं थांबायचं नसतं, त्याच्या बाबतीत काय होतं? चुनखडी पाण्यात विरघळत नाही. पुवाशी कालवून तिचा लगदा होतो, तो वाळतो आणि नळीत बूच बसतं. बाहेरून कान कोरडा दिसतो, आत रोग चालूच. पडद्याला भोक असेल तर पूड आणखी आत जाते. डॉक्टरांना पडदा दिसतच नाही, आधी ते बूच काढावं लागतं. तोवर ऐकू येणं कमी झालेलं असतं. क्वचित रोग कानामागच्या हाडात आणि तिथून मेंदूकडेही जातो.

काही ताईंनी विचारलं, जुन्या आयुर्वेदाच्या ग्रंथांत समुद्रफेन सांगितलाय ना? हो, सांगितलाय, कान वाहण्यासाठीही सांगितलाय. पण तिथं तो आधी लिंबाच्या रसात खलून शुद्ध करायला सांगतात आणि वैद्य कान पाहून ठरवतो. दुकानातून आणलेला, कुठल्या पोत्यात किती दिवस पडलेला ठाऊक नाही असा तुकडा मिरचीच्या खलबत्त्यात कुटून आपण घालतो, त्याला ग्रंथाचा आधार देऊ नये. वैद्यांकडे जायचं तरी जाऊन कान दाखवून यावं. डोळ्यात ही पूड अंजन म्हणून घालणं तर मुळीच नको. तिचे कण कडक असतात, बुबुळाला ओरखडे पडतात.

मग कान वाहत असेल तर घरी काय करायचं? कान कोरडा करायचा, एवढंच. स्वच्छ धुतलेलं, उन्हात वाळवलेलं मऊ सुती कापड घ्या. त्याची वातीसारखी गुंडाळी करा. पीळ घट्ट नको. ती कानात हलकेच ठेवा, ओली झाली की काढा, नवीन ठेवा. वात कोरडी निघेपर्यंत असं करा. दिवसातून निदान तीन वेळा. काडी, हेअरपिन, किल्ली काही घालायचं नाही. गरम तेल नाही, लसणाचं तेल नाही, दूध नाही, कसलाच रस नाही. अंघोळीच्या वेळी कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, विहिरीवर किंवा कॅनॉलला पोहणं बंद. आणि हे करत घरी बसायचं नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायचं. डॉक्टरांनी औषध दिलं तर ते सांगितलेले सगळे दिवस द्यायचं, दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून बंद करायचं नाही.

कानाच्या मागं सूज आली, हात लावला की मूल किंचाळतं, ताप चढलाय, मूल सुस्त झालंय किंवा उलट्या करतंय, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. रात्र असली तरी. १०८ ला फोन करा.

मुलीच्या कानाचं निदान ज्या तपासणीत झालं, ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची होती. २०१३ साली हा कार्यक्रम सुरू झाला. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं. त्यात कान वाहणं आणि कमी ऐकू येणं हे दोन्ही आहे, पुढचे उपचारही मोफत आहेत. आपल्या गावात पथक कधी येणार ते अंगणवाडी ताईंना किंवा आशाताईंना विचारून ठेवा आणि त्या दिवशी पोरांना शेतावर नेऊ नका. मूल “ऐकत नाही” अशी शाळेची तक्रार आली, टीव्हीचा आवाज फार मोठा लागतो, मागून हाक मारली की वळत नाही, तर ओरडण्याआधी कान दाखवा. आम्ही स्वतः त्या मुलीला हट्टी म्हटलं होतं. ते अजून आम्हाला सलतं.

हाडं मजबूत होतात म्हणून समुद्रफेन चाटवण्याचीही काही घरांत रीत आहे. कॅल्शियम त्यात आहे हे खरं, पण पोटात घेण्यासाठी हा तुकडा कुणी तपासून दिलेला नसतो. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून सरकारी दवाखान्यात कॅल्शियमच्या गोळ्या मोफत मिळतात, रोज दोन, पाचशे मिलिग्रॅमची एक. बाळंतपणानंतरही सहा महिने घ्यायच्या. फक्त लोहाच्या गोळीबरोबर एकाच वेळी घेऊ नका, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा. आणि अकोल्याकडच्या आपल्या मैत्रिणी नाचणी पिकवतात, तिच्यात १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. आपण ती विकतो आणि बिस्किटं आणतो.

मग समुद्रफेन फेकून द्यायचा का? नाही. तो पक्ष्यांच्या कामाचा आहे. शहरात लव्हबर्ड पाळणारे लोक पिंजऱ्याला हा तुकडा बांधतात. पक्षी चोच घासतात, कुरतडतात, चोच वाढत नाही आणि कॅल्शियम मिळतं. (आपला रानातला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, बऱ्याच अंगणांत तो दिसतो म्हणून सांगितलं.) काही देशांत सोनार या मऊ कवचात नक्षी कोरून साचा करतात आणि त्यात वितळलेली चांदी ओततात.

आपल्या कोंबड्यांनाही तो कुरतडायला टाकता येतो, पण गटाच्या हिशेबात ते बसत नाही. एका अंड्याचं टरफल पाच-सहा ग्रॅमचं असतं, त्यात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. कोंबडीनं महिन्याला पंधरा अंडी दिली तर तीस ग्रॅम. बाजरी, मका, तांदळाची कणी यांत कॅल्शियम अगदी थोडं. मग कोंबडी स्वतःच्या हाडांतून ते काढते, टरफल पातळ होतं, पापुद्र्याचं अंडं येतं, पायात बळ राहत नाही. वनराजा, गिरिराज पाळणाऱ्या ताईंना हा अनुभव आहे. समुद्रफेनाच्या एका तुकड्याच्या पैशात शिंपल्याचा चुरा किलोच्या हिशेबात मिळतो आणि द्रव्य तेच. घरची अंड्याची टरफलं तर फुकट. ती धुऊन दहा मिनिटं उकळा, वाळवा आणि जाडसर कुटा. अर्धी टरफलं तशीच टाकू नका, कोंबडीला अंडं फोडून खायची सवय लागते. अगदी पीठही करू नका. अंड्याचं टरफल कोंबडीच्या पोटात मुख्यतः रात्री तयार होतं आणि जाड कण रात्रभर हळूहळू विरघळतात. हे खाद्यात न मिसळता वेगळ्या भांड्यात ठेवा, जिला लागेल ती खाईल. अंड्यावर न आलेल्या तलंगांना आणि पिलांना देऊ नका, त्यांच्या मूत्रपिंडांना ते झेपत नाही. चुन्याची कळी तर कुणालाच नाही, तोंड भाजतं. पोल्ट्रीचं तयार अंड्याचं खाद्य घालत असाल तर वरून काही लागत नाही, त्यात ते आधीच असतं.

आमच्या त्या आजींच्या डबीत दीड तुकडा उरला होता. तो त्यांनी खुराड्याच्या जाळीला तारेनं बांधला. मुलगी आता वर्गात पहिल्या बाकावर बसते, डाव्या कानानं तिला नीट ऐकू येतं. उजव्या कानातलं वाहणं पूर्ण थांबून काही महिने कान कोरडा राहिला की पडद्याच्या ऑपरेशनचं बघू, असं डॉक्टर म्हणालेत. तोवर रोज सकाळी तिच्या कानात वात ठेवायचं काम आजीच करतात. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपली डबी आणि एक लिंबू घेऊन या.